परत न आलेल्या बाटलीचे पैसे



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी उभं आयुष्य सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात घालवलं. आजचा विषय वरवर कचऱ्याचा दिसेल, पण मुळात तो खतावणीचा आहे, म्हणून या व्यासपीठावर तो मांडताना मला संकोच वाटत नाही. पाणी, सोडा, बिअर यांची बाटली किंवा कॅन विकताना गिऱ्हाइकाकडून थोडी अनामत घ्यायची आणि रिकामी बाटली आणून दिली की ती परत करायची, अशी व्यवस्था आज युरोपातल्या बऱ्याच देशांत, अमेरिकेच्या दहा राज्यांत, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात चालते. तिचं कौतुक करणारे बाटल्या घेणारी यंत्रं दाखवतात, स्वच्छ समुद्रकिनारे दाखवतात, आणि ते कौतुक रास्तच आहे. पण दुकानातली जागा, यंत्र, ट्रक, गोदाम, मोजदाद, हिशेबनीस या सगळ्याचा खर्च कोण करतं? आणि अनामत भरूनही जी माणसं बाटली परत आणत नाहीत, त्यांचे पैसे कोणाकडे राहतात? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसं असेल तशी योजना वागते, असं माझं ठाम मत आहे. आजचं सगळं बोलणं त्याच मतासाठी आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी बाटलीचं डिपॉझिट पाहिलेलं आहे. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, रिकामी दिली की भरलेली मिळायची. थंड पेयाची बाटली घरी न्यायची तर किराणा दुकानदार पैसे ठेवून घ्यायचा. त्या व्यवहारात पैसा कुठून येतो हा प्रश्नच नव्हता. काचेची बाटली आतल्या पेयापेक्षा महाग पडायची, ती धुऊन पुन्हा भरायची असायची, म्हणून कारखान्याला ती परत हवीच असायची. बाटली बुडाली तर अनामतीतून नवी घेता यायची. धुलाई आणि वाहतुकीचा खर्च पेयाच्या किमतीत बसलेला होता.

एकदाच वापरायचा कॅन आणि प्लॅस्टिकची पेट बाटली आली आणि हे गणित मोडलं. आता रिकामी बाटली कोणालाच परत नको असते. भरणाऱ्याला नवी स्वस्त पडते, दुकानदाराला जुनी अडचण वाटते, गिऱ्हाईक ती रस्त्यावर टाकतं. तिला परत आणायचं तर ओढून आणावं लागतं, आणि ओढायला पैसा लागतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यानं 1971 साली कायदा करून बाटल्या-कॅनवर 5 सेंटची सक्तीची अनामत बसवली. आधुनिक योजनांची सुरुवात तिथून मानतात. तेव्हा पाच सेंटना किंमत होती. पुढे महागाई वाढत गेली, अनामत तेवढीच राहिली आणि लोक बाटल्या आणेनासे झाले. मग राज्यानं कायद्यातच अट घातली की सलग दोन वर्षं परताव्याचं प्रमाण 64 टक्क्यांखाली राहिलं तर अनामत आपोआप दुप्पट होईल. तसं झालं, आणि एप्रिल 2017 पासून ती 10 सेंट आहे. एका आकड्याला हलायला सेहेचाळीस वर्षं लागली. अनामतीचा आकडा कायद्यात एकदा कोरून ठेवला की त्याला हात लावायचं धैर्य राजकारणात सहसा नसतं, म्हणून ही आपोआप वाढीची अट मला फार शहाणपणाची वाटते.

आता जमाखर्च पाहू. अशा योजनेच्या जमेच्या बाजूला तीनच रकमा असतात. न मागितलेली अनामत, भंगार विकून आलेले पैसे आणि पेय बनवणाऱ्या कंपन्यांकडून दर बाटलीमागे घेतलेलं शुल्क. परत दिलेली अनामत उत्पन्नही नाही आणि खर्चही नाही. ती नुसती हातातून हातात फिरते. वर्तमानपत्रात मात्र तिलाच बोजा म्हणतात.

एक कल्पित उदाहरण घेतो, आकडे माझे आहेत. समजा दहा लाख बाटल्या विकल्या, दर बाटलीला पाच रुपये अनामत घेतली. पन्नास लाख जमा झाले. परत आलेली बाटली हाताळायला एक रुपया खर्च येतो आणि तिचं भंगार पन्नास पैशांना जातं असं धरू. शंभरातल्या सत्तर बाटल्या परत आल्या तर पंधरा लाखांची अनामत पडून राहते, भंगाराचे साडेतीन लाख येतात, खर्च सात लाख होतो. साडेअकरा लाख शिल्लक. चांगलं काम केलं आणि नव्वद बाटल्या परत आणल्या, तर अनामतीचे पाच लाख राहतात, भंगाराचे साडेचार येतात, खर्च नऊ. शिल्लक फक्त पन्नास हजार. पंचाण्णव आल्या तर अनामतीचे अडीच आणि भंगाराचे पावणेपाच लाख, खर्च साडेनऊ, म्हणजे सव्वादोन लाखांची तूट. योजना जितकी यशस्वी, तितकी गरीब. ज्या यंत्रणेचा पगार न मागितलेल्या अनामतीतून निघतो, तिला शेवटची बाटली परत यावी असं मनापासून का वाटेल? तीतली माणसं प्रामाणिक असतील, कष्टाळूही असतील, तरी महिनाअखेरीचा ताळेबंद त्यांच्याविरुद्ध उभा असतो.

हे कागदावरचं गणित कॅलिफोर्नियात प्रत्यक्षात घडलं. तिथला कायदा 1986 चा. 24 औंसांहून लहान बाटलीला 5 सेंट, मोठीला 10. हे पैसे वितरक राज्य सरकारच्या निधीत भरतात. बाटल्या प्रामुख्यानं परतावा केंद्रांवर द्यायच्या, आणि ही केंद्रं बहुधा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मांडलेली. केंद्रचालकाचं उत्पन्न भंगाराच्या विक्रीतून आणि सरकारी अनुदानातून येतं. निधीत जे न मागितलेले पैसे उरतात, त्यावर इतर कितीतरी उपक्रमांनी हात पसरलेले आहेत. नगरपालिकांच्या घरोघरच्या कचरा संकलनाला अनुदान हा त्यांतलाच एक. राज्याच्या अंदाजपत्रकाला खड्डा पडला तेव्हा सरकारनंही या निधीतून मोठमोठी कर्जं उचलली.

पुढे लोक जास्त बाटल्या आणू लागले आणि निधीत तूट दिसू लागली. 2014 च्या सुमारास राज्याच्या लेखापरीक्षकांनीच त्याबद्दल सावध केलं. त्यानंतर कच्च्या तेलाचा भाव कोसळला. तेल स्वस्त झालं की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं आणि जुन्या पेटला गिऱ्हाईक राहत नाही. केंद्रचालकांचं भंगाराचं उत्पन्न घटलं. सरकारी अनुदान मागच्या काळातल्या सरासरी भावावर ठरत असल्यामुळे ते कायम एक पाऊल मागे. केंद्रं एकामागून एक बंद पडत गेली आणि 5 ऑगस्ट 2019 या एका दिवशी रीप्लॅनेट या सर्वांत मोठ्या केंद्रचालक कंपनीनं आपली सगळीच्या सगळी 284 केंद्रं बंद केली. सुमारे साडेसातशे माणसांचं काम गेलं. आसपासच्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बाटल्या वेचून पोट भरणाऱ्यांना आपले पाच सेंट परत घ्यायला लांब जाऊन रांगा लावाव्या लागल्या. अनामत मात्र दर बाटलीमागे कापली जातच होती. आणि निधीचं काय झालं? बाटल्या परत येईनात, म्हणून तो फुगला. लोक बाटल्या आणत होते तेव्हा तूट, लोकांना आणता येईना तेव्हा शिल्लक. हिशेबात चूक कुठेच नव्हती. ज्या माणसानं विश्वासानं अनामत ठेवली, त्याच्या वाटेतल्या अडचणीतून निधी वाढत होता. सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात याहून खेदाची गोष्ट मला सांगता येणार नाही.

मिशिगन राज्यात अनामत 10 सेंट आहे. तिथं 1989 च्या कायद्यानं न मागितलेल्या पैशांतले तीन चतुर्थांश राज्याच्या पर्यावरण निधीला आणि उरलेले दुकानदारांना मिळतात. दूषित जमिनी स्वच्छ करायला ते पैसे लागतात, काम पवित्रच आहे. तरीही परतावा वाढला की त्या कामाचा निधी आटतो. चांगल्या कामाला चुकीच्या झऱ्याचं पाणी जोडलं की असं होतं.

जर्मनीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं 1 जानेवारी 2003 ला एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर सक्तीची अनामत आली, आता ती सरसकट 25 सेंट आहे. सुरुवातीला दुकानांच्या साखळ्यांनी आपापल्या आकाराच्या बाटल्या काढून आपापल्यापुरत्या योजना उभ्या केल्या. एका दुकानातली बाटली दुसरं दुकान घेईना. 2006 च्या मे महिन्यापासून ती पळवाट बंद झाली. पण मध्यवर्ती निधी जर्मनीनं निर्माण केलाच नाही. न मागितलेली अनामत पेय बाजारात आणणाऱ्याकडेच राहते, आणि परत आलेलं स्वच्छ पेट दुकानदाराच्या मालकीचं होतं. मोठ्या साखळ्यांना ते इतकं परवडतं की त्यांना कोणी आग्रह करावा लागत नाही. परताव्याचं प्रमाण 98 टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. छोट्या दुकानदाराला हाताळणीचा वेगळा मोबदला मात्र कोणी देत नाही.

मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते ती नॉर्वेची योजना, म्हणून तिथं जरा थांबतो. बाटली परत घेणाऱ्या यंत्रांत जगभर अग्रेसर असलेली टोम्रा कंपनी नॉर्वेचीच, 1972 साली दोन भावांनी काढलेली. आजची देशव्यापी व्यवस्था 1999 साली सुरू झाली. ती चालवणाऱ्या इन्फिनिटम या संस्थेची मालकी पेयउद्योग आणि दुकानदार यांच्या संघटनांकडे आहे आणि ती नफा वाटत नाही.

अर्ध्या लिटरच्या एका बाटलीचे दोन क्रोनर कसे फिरतात ते पाहा. पेय बनवणारा कारखाना दुकानदाराला बाटली विकताना दोन क्रोनर जास्त घेतो आणि ते इन्फिनिटमकडे भरतो. दुकानदार तेच दोन क्रोनर गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. गिऱ्हाईक रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात आडवी सरकवतं. यंत्र बारकोड वाचतं, आकार ताडून पाहतं आणि बाटली आत ओढून चेपून टाकतं, कारण न चेपलेली बाटली दुसऱ्यांदा त्याच यंत्रात घालून पैसे उकळता येतात. मग दोन पर्याय समोर येतात. पावती घेऊन ती गल्ल्यावर वटवायची, किंवा ते पैसे रेड क्रॉसच्या सोडतीला द्यायचे. दुकानदारानं गिऱ्हाइकाला दिलेले दोन क्रोनर इन्फिनिटम त्याला परत करतं आणि वर दर बाटलीमागे हाताळणीचा मोबदला देतं. हातानं बाटल्या घेणाऱ्यापेक्षा चेपणारं यंत्र बसवणाऱ्याला हा मोबदला जास्त, कारण चेपलेला माल ट्रकमध्ये कितीतरी पटीनं जास्त बसतो. माल गोळा होऊन वर्गवारीला जातो, गठ्ठे बांधून विकला जातो.

एवढं करून जी तूट राहते, ती कंपन्यांच्या शुल्कातून भरून निघते, आणि ते शुल्क प्रत्येक बाटलीच्या गुणदोषांवर ठरतं. ॲल्युमिनियमला चांगला भाव येतो, म्हणून कॅनवरचं शुल्क अगदी नगण्य. काही वर्षं तर ते शून्याखालीही गेलं, म्हणजे कंपनीलाच पैसे मिळाले. रंगीत पेटचं भंगार कमी किमतीला जातं, म्हणून रंगीत बाटलीवर अधिभार. कारखान्यातला माणूस बाटलीचा रंग ठरवताना तिच्या मरणानंतरचा खर्च डोळ्यांपुढे ठेवतो, तो या दरपत्रकामुळे.

नॉर्वेची खरी करामत मात्र करात आहे. सरकार पेयाच्या प्रत्येक डब्या-बाटलीवर पर्यावरण कर लावतं. परताव्याचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की कर उतरू लागतो, आणि प्रमाण 95 टक्क्यांना पोहोचलं की शून्य होतो. आता माझ्या मघाच्या उदाहरणाकडे वळा. तिथं पंचाण्णव बाटल्या आल्या की संस्था तोट्यात जात होती. नॉर्वेत न मागितलेली अनामत संस्थेच्या खात्यात जमा होते हे खरं, पण प्रमाण घसरलं तर संस्थेच्या मालकांना तिच्याहून फार मोठी रक्कम करापोटी मोजावी लागते. म्हणून बाटली परत येण्यातच कंपनीचं हित. कोणाला पर्यावरणाचं प्रेम असो वा नसो, कंपनीचा हिशेबनीसच बाटलीच्या मागे लागतो.

सुरुवातीच्या भांडवलाचाही प्रश्न असतो. पहिली अनामत जमा होण्याआधी यंत्रं, गोदामं, संगणक व्यवस्था उभी राहावी लागते. स्कॉटलंडनं 20 पेन्सची योजना ठरवली, पेयउद्योगानं सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड ही संस्था काढली, तिनं कर्ज उचललं. सरकारी गुंतवणूक बँकेचे 90 लाख पौंडही त्यात होते. मग काच योजनेत असावी की नसावी यावरून लंडन आणि एडिंबरा यांचं जुंपलं, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि जून 2023 मध्ये एकही बाटली परत न घेता ती संस्था दिवाळखोरीत निघाली. नुसत्या तारखेच्या भरवशावर कर्ज देणाऱ्यांना हा मोठा धडा होता.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रानं 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीत पेट बाटल्यांवर परतखरेदीची किंमत छापायची तरतूद होती. एक-दोन रुपयांची ती गोष्ट होती. छापलेली किंमत आपण काही बाटल्यांवर पाहिलीही. पण ती बाटली घेऊन कोणत्या दुकानात जायचं, दुकानदारानं दिलेला रुपया त्याला कोण परत करणार, त्याच्या जागेचा आणि वेळेचा मोबदला काय, न मागितलेले रुपये कोणत्या खात्यात पडणार, यांतलं काहीच लोकांपर्यंत पोहोचलं नाही. दुकानदारांनी बाटल्या घेतल्या नाहीत यात मला त्यांचा दोष दिसत नाही. खात्याशिवाय अनामत म्हणजे नुसती शाई.

तामिळनाडूचा अनुभव अधिक बोलका आहे. निलगिरीच्या जंगलात फुटक्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे पाय चिरतात, म्हणून मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि 2022 मध्ये तिथं सरकारी मद्यविक्री दुकानांत बाटलीमागे 10 रुपये जादा घेऊन रिकामी आणल्यावर परत द्यायची पद्धत सुरू झाली. बाटल्या मोठ्या प्रमाणात परत आल्या. विक्रेता एकच असल्यामुळे हिशेब सोपा होता. कुरबुर झाली ती दुकानांतल्या कर्मचाऱ्यांची: जागा तीच, माणसं तेवढीच, त्यात रिकाम्या बाटल्यांचे ढीग. हाताळणीचा मोबदला हा विषय तिथंही मागाहून आला. केदारनाथच्या यात्रामार्गावर त्याच वर्षी क्यूआर कोडची चिकटपट्टी लावून 10 रुपयांची योजना चालवली गेली. गोवा सरकारनं तर ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण राज्यासाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. महाराष्ट्रातही पुन्हा कधीतरी असा मसुदा येईल, यायलाच हवा.

तो येईल तेव्हा मला सर्वाधिक काळजी असेल ती जमेच्या दुसऱ्या रकमेची, भंगाराच्या पैशांची. युरोपात योजना आली तेव्हा रिकामी बाटली बहुतेक ठिकाणी कचऱ्यातच जात होती. आपल्याकडे ती आधीच कोणाच्या तरी पोटाला लागलेली आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, तिच्यातून पुढे उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा कचरा उचलते. त्या बायकांच्या पिशवीत ज्या मोजक्या वस्तूंना बरा भाव मिळतो, त्यांत पेट बाटली आहे. योजनेनं ती बाटली यंत्राकडे वळवली आणि भंगाराचं उत्पन्न योजनेच्या खात्यात जमा केलं, तर कागदोपत्री तूट कमी होईल. ती कमी झालेली तूट कोणाच्या घरातल्या पिठाच्या डब्यातून निघाली, हे ताळेबंदात कुठेही दिसणार नाही.

यावर तोडगा आहे, आणि तो अमेरिकेतच सापडतो. न्यूयॉर्क राज्यात 2009 पासून परत घेतलेल्या प्रत्येक बाटलीमागे साडेतीन सेंटचा हाताळणी मोबदला वितरकानं द्यावा असा नियम झाला. ब्रुकलिनमध्ये ‘शुअर वुई कॅन’ हे परतावा केंद्र कॅन-बाटल्या वेचणाऱ्यांसाठीच उभं आहे. तिथं येणारी माणसं, त्यांत म्हातारी, स्थलांतरित, बेघर असे पुष्कळ, उघड्या अंगणात बसून बाटल्यांची कंपनीवार वर्गवारी करतात. बिअरच्या एका कंपनीच्या हिरव्या बाटल्या एका पिशवीत, सोड्याचे कॅन दुसऱ्या, पाण्याच्या बाटल्या तिसऱ्या, कारण प्रत्येक वितरक फक्त आपलाच माल उचलतो. वर्गवारी करून आणणाऱ्याला पाच सेंटच्या अनामतीवर थोडे जास्त मिळतात. हाताळणीचा मोबदला केंद्राला मिळतो, त्यातून भाडं आणि पगार निघतात. दुकानदाराला जो मोबदला देय आहे तोच वेचणाऱ्यांच्या संस्थेला, एवढी साधी तरतूद आहे.

आपल्या मसुद्यात कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना आणि नोंदणीकृत भंगारवाल्यांना दुकानाच्या बरोबरीनं संकलन केंद्राचा दर्जा आणि तोच मोबदला कायद्यानं मिळाला पाहिजे. न मागितलेली अनामत राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाता कामा नये आणि कंपनीच्या नफ्यातही नाही. ती योजनेच्याच स्वतंत्र खात्यात राहावी, तिचा हिशेब दरवर्षी छापून यावा आणि पगारासारखा कायमचा खर्च तिच्यावर टाकू नये. तो खर्च कंपन्यांच्या शुल्कातून यावा, आणि परतावा घटला तर शुल्क वाढावं.

आणखी एक तपशील आहे, तो सांगितल्याशिवाय मी थांबू शकत नाही. अनामत विक्रीच्या दिवशीच जमा होते आणि परत जाते काही आठवड्यांनी. मधल्या काळात चालकाच्या हातात फार मोठी रक्कम खेळती असते. परदेशांत ती बहुधा बँकेत व्याज कमावते. पुण्यातली कचरावेचक बाई मात्र दुपारी माल विकून संध्याकाळी पीठ आणते. महिनाअखेरीला खात्यात जमा होणारी अनामत तिला उपयोगाची नाही. भंगारवाला तिला रोख देतो, वेळेला उचलही देतो, म्हणून ती त्याच्याकडे जाते. म्हणून या खेळत्या रकमेचा पहिला हक्क तिचा असावा. तिनं दुपारी केंद्रावर आणलेल्या बाटल्यांची अनामत आणि हाताळणीचा तिचा वाटा तिला त्याच जागी, त्याच वेळी, रोख मिळावा, आणि ते पैसे केंद्राला योजनेकडून आगाऊ मिळालेले असावेत.